जाहिरातीतल्या चित्रांची तांत्रिक अचूकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या आमच्या डिझाइनच्या कामात उद्यमबागेतले कारखानदार, निपाणी-चिकोडीकडचे कृषी सेवा केंद्रांचे मालक, खानापूरचे काजू व्यावसायिक, क्लासचालक, डॉक्टर आणि डिझाइन नुकतेच शिकू लागलेली मुले थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरे दरवेळी तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान केले आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, आणि एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न लिहिता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तांत्रिक अचूकता म्हणजे नेमके काय? चित्र सुंदर दिसले की पुरे नाही का?

चित्रात दाखवलेली वस्तू प्रत्यक्षात तशीच असते, तशीच चालते आणि तशाच रीतीने हाताळली जाते, एवढाच तिचा अर्थ आहे. छपाईतली अचूकता, म्हणजे रंग, रिझोल्यूशन वगैरे, हा वेगळा भाग असून त्यासाठी प्रश्न १२ पाहावा. "आमचा पंप पाच अश्वशक्तीचा आहे" हे वाक्य जसे विधान आहे, तसेच त्या वाक्याशेजारी छापलेला फोटोही विधानच आहे. मजकुरात पाच अश्वशक्ती लिहून शेजारी घरगुती अर्ध्या अश्वशक्तीच्या मोनोब्लॉक पंपाचा फोटो टाकला, तर मजकूर खरा असूनही जाहिरात खोटी ठरते.

२. पण सामान्य गिऱ्हाइकाला हे कुठे कळते? मग एवढा खटाटोप कशाला?

ज्याच्यासाठी जाहिरात केलेली असते, तो माणूस बहुतेक वेळा त्या विषयात मुरलेला असतो. कास्टिंगचे (ओतीव भागांचे) माहितीपत्रक पुण्या-कोल्हापूरच्या कारखान्यातला खरेदी अधिकारी वाचतो, उसाच्या बेण्याची जाहिरात शेतकरी वाचतो, वेल्डिंगच्या कोर्सचे पॅम्प्लेट वेल्डरचा मुलगा घरी नेऊन वडिलांना दाखवतो. चित्रातली चूक डिझाइनरला दिसत नाही, छापणाऱ्याला दिसत नाही, कधी कधी मालकालाही दिसत नाही. मात्र ज्याच्या खिशातून पैसे यायचे असतात त्याला ती पहिल्या नजरेत दिसते आणि तो काही न बोलता कागद बाजूला ठेवतो. अशी तक्रार कोणी लिहून पाठवत नाही, त्यामुळे नुकसान किती झाले हे कधी कळतच नाही.

३. मांडणीसाठी फोटो फ्लिप केला, म्हणजे डावे-उजवे उलट केले, तर काय बिघडते? वस्तू तीच राहते ना?

वस्तू तीच राहत नाही, आणि आमच्या अनुभवात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. फार वर्षांपूर्वी एका वर्कशॉपच्या माहितीपत्रकात मथळा उजवीकडे बसेना, म्हणून मी लेथचा, म्हणजे धातू फिरवत कातणाऱ्या यंत्राचा, फोटो फ्लिप केला. मालकांनी प्रूफ पाहिले, मंजूर केले आणि प्रती छापून झाल्या. गठ्ठे घेऊन गेलो तेव्हा तिथल्या एका वयस्कर टर्नरने पहिली प्रत हातात घेतली, तेलाने काळवंडलेले बोट चित्रातल्या चकवर (धातूचा तुकडा पकडणाऱ्या भागावर) ठेवले आणि विचारले, "काय ओ, हा चक हिकडं कसा आला?" लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डाव्या हाताला हेडस्टॉक (फिरवणारा भाग) आणि चक असतो, उजव्या हाताला टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) असतो. माझ्या चित्रात नेमके उलटे झाले होते. त्या प्रती आम्ही स्वखर्चाने पुन्हा छापल्या, आणि तेव्हापासून फोटो फ्लिप करण्याआधी थांबून पाहायची सवय लागली.

पाहायचे काय, तर ज्या वस्तूला डावे-उजवे आहे ती प्रत्येक गोष्ट. गाडीचे स्टिअरिंग आपल्याकडे उजवीकडे असते. सायकलची चेन चालवणाऱ्याच्या उजव्या बाजूला असते. मोटारसायकलचा साडी गार्ड डाव्या बाजूला असतो, कारण मागे बसणाऱ्या बायका पाय डावीकडे सोडून बसतात. शर्टाचा खिसा डावीकडे आणि साडीचा पदर बहुतेक पद्धतींत डाव्या खांद्यावर असतो. गुजराती पद्धतीत तो उजव्या खांद्यावरून पुढे येतो, म्हणून पदरावरून निष्कर्ष काढण्याआधी नेसण नीट पाहावी. बोल्ट उभा धरला की नेहमीच्या उजव्या आट्यांच्या रेषा डावीकडून उजवीकडे चढत गेलेल्या दिसतात, फ्लिप केला की त्या उलट्या चढतात आणि साधा बोल्ट डाव्या आट्यांचा होतो. पॅथॉलॉजी लॅबच्या जाहिरातीत डीएनएची जी पिळदार शिडी सर्रास दिसते, तिचा पीळही याच उजव्या आट्यांसारखा असतो, आणि तिथेही तो कितीतरी वेळा उलटा छापलेला असतो.

संगीत वर्गाच्या पोस्टरबाबत आपल्या भागात तरी विशेष काळजी घ्यावी असे मला मनापासून वाटते. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीला झाला. इथल्या गावोगावच्या भजनी मंडळांत तबला-पेटीचा कान असलेली माणसे बसलेली असतात. उजव्या हाताने वाजवणाऱ्या तबलजीचा लहान तोंडाचा तबला उजवीकडे आणि डग्गा डावीकडे असतो. पेटीचा भाता डाव्या हाताने हलवतात आणि उजवा हात सुरांवर असतो. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी येतात, सलग एकसारख्या येत नाहीत. फोटोतला वादक खरोखर डावखुरा असेल, तर अर्थातच मूळ फोटो जसा आहे तसा ठेवावा.

४. गणपतीचा फोटो फ्लिप केला तर चालेल का?

चालणार नाही. नेहमीच्या घरगुती मूर्तीची सोंड गणपतीच्या स्वतःच्या डाव्या बाजूला, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळलेली असते. फ्लिप केल्यावर ती उजव्या सोंडेची होते, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानतात. मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर एक सोंड आणि मांडवातल्या मूर्तीची दुसरी, असे झाले की कार्यकर्त्यांना ते उत्तर देत बसावे लागते. थोरामोठ्यांची छायाचित्रे आणि पुतळ्यांचे फोटोही कधी उलटे करू नयेत; मांडणी बदलावी.

५. तीन गिअर एकमेकांत अडकवलेले चित्र "टीमवर्क" साठी सगळेच वापरतात. त्यात चूक काय?

एकमेकांत दाते अडकलेले दोन गिअर नेहमी विरुद्ध दिशांना फिरतात. तिसरा गिअर त्या दोघांनाही एकाच वेळी भिडवला, तर पहिला त्याला एका दिशेने ढकलतो आणि दुसरा उलट दिशेने, म्हणून तिन्ही जाम होतात. म्हणजे "आम्ही सगळे मिळून काम करतो" असे सांगण्यासाठी आपण कधीच न हलणारे यंत्र दाखवतो. गिअर बंद वर्तुळात जोडायचे असतील तर त्यांची संख्या सम हवी. विषम झाली की यंत्र अडलेच. तिन्ही गिअर एका ओळीत ठेवले, म्हणजे पहिला दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला एवढेच भिडले, तर ते उत्तम चालतात, आणि चित्र तेवढेच आकर्षक राहते.

ही चूक लहानसहान कामांतच होते असे नाही. ब्रिटनच्या दोन पौंडांच्या २०१५ पर्यंतच्या द्विधातू नाण्यावर औद्योगिक प्रगती दाखवणारे गिअरचे वर्तुळ आहे आणि त्यात १९ गिअर आहेत, त्यामुळे ते फिरू शकत नाही. गिअरच्या चित्रात आणखी एक बाब पाहावी: एकमेकांना भिडणाऱ्या गिअरचे व्यास वेगळे असू शकतात, पण दात्यांचा आकार एकच असावा लागतो. मोठ्या चाकाला मोठे दाते आणि लहान चाकाला लहान दाते काढलेले चित्र कागदावर देखणे दिसते, परंतु असे दाते एकमेकांत बसतच नाहीत.

६. लोगोमध्येही गिअर फिरलाच पाहिजे का? लोगो तर प्रतीक असतो.

लोगोत तपशील गाळण्याची मोकळीक असते. गिअरला बत्तीसऐवजी आठच दाते काढले, सावली काढली नाही, आऱ्या गाळल्या, तर ते सुलभीकरण झाले. तीन गिअर एकमेकांत कोंबणे हे सुलभीकरण नाही, कारण त्यात अशक्य गोष्ट शक्य म्हणून दाखवली जाते. आमच्यापुरता आम्ही असा नियम ठेवला आहे की गाळायला हरकत नाही, खोटे जोडायला आहे. ज्या उद्योगाचा लोगो असेल, त्या उद्योगाची वस्तू त्यात असेल तर हा नियम अधिक कसोशीने पाळावा. मिठाईच्या दुकानाच्या लोगोतल्या सूर्यफुलाच्या पाकळ्या कोणी मोजत नाही, पण गिअर बनवणाऱ्याच्या लोगोतले दाते त्याची गिऱ्हाइके मोजतात.

७. इंटरनेटवरचे तयार फोटो घेताना काय तपासावे?

पहिले म्हणजे तो फोटो कुठल्या देशातला आहे. इलेक्ट्रिकल दुकानाच्या जाहिरातीत अमेरिकन पद्धतीचे, चपट्या पिनांचे सॉकेट नेहमी दिसते. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो, पिना गोल असतात, तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगचे मोठे छिद्र वर असते, आणि समोरून पाहताना फेज उजवीकडे व न्यूट्रल डावीकडे असतो. सोलर पॅनेलच्या जाहिरातीत बर्फ घसरून पडावा म्हणून बांधलेल्या तीव्र उताराच्या छपरावरचे पॅनेल दाखवतात. बेळगाव सुमारे १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे इथले पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच कमी उताराने बसवलेले असतात.

दुसरे म्हणजे फोटोतला माणूस ते काम खरोखर करतो आहे का. सोल्डरिंग आयर्न तापणाऱ्या धातूच्या टोकाला धरलेले फोटो कितीदा तरी वापरले गेले आहेत. स्टेथोस्कोप कानांत उलटा घातलेले डॉक्टर दिसतात, वास्तविक कानांत जाणारी टोके पुढे, नाकाच्या दिशेने वळलेली असावी लागतात. लेथवर हातमोजे घातलेला कामगार दाखवतात, आणि ही तर धोक्याची गोष्ट आहे, कारण फिरत्या जॉबमध्ये (कातल्या जाणाऱ्या तुकड्यात) हातमोजा अडकून हात ओढला जातो. वेल्डिंग मास्क नसलेला, फेस शील्ड न लावता लोखंड ओतणारा किंवा मशीनजवळ सैल बाह्या सोडलेला कामगार दाखवू नये. आयटीआयच्या पोस्टरवर सोळा-सतरा वर्षांची मुले जे पाहतात, तेच त्यांना बरोबर वाटते, म्हणून असा फोटो मी फुकट मिळाला तरी वापरत नाही.

तिसरे म्हणजे ठिकाण. गोकाक धबधब्याच्या सहलीच्या पोस्टरवर जोगचा फोटो आम्ही स्वतः पाहिला आहे. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटरवरून नालाकृती कड्यावरून पडते आणि जवळच झुलता पूल आहे. जोगला शरावतीच्या वेगवेगळ्या धारा पडतात. ज्याने शाळेच्या सहलीत हे दोन्ही पाहिले आहेत, त्याला फसवता येत नाही.

८. शेतीच्या जाहिरातींत कोणत्या चुका जास्त होतात?

ऊस म्हणून बांबू छापणे ही सर्वांत जुनी चूक आहे. उसाच्या पेरावर डोळा असतो, कांडी भरीव असते, खालची वाळलेली पाने खोडाला चिकटून लोंबत असतात, आणि तुरा आला असेल तर तो शेंड्याला असतो. बेण्याच्या किंवा रोपांच्या जाहिरातीत तर डोळा हाच विक्रीचा माल असतो, तो स्पष्ट न दिसणारा फोटो घेऊन उपयोग काय? शक्य असेल तेव्हा त्याच शेतात जाऊन, त्याच जातीच्या उसाचा, त्या वयाचा फोटो काढावा. चिकोडी-अथणी भागातला शेतकरी कांडीची जाडी आणि पानाचा रंग पाहून पुष्कळ काही ओळखतो.

काजूच्या बाबतीत चूक याहून ढोबळ असते. काजूचे बी फळाच्या आत नसते. बोंडाच्या खालच्या टोकाला ते बाहेरून लटकलेले असते. बोंड कापून आत पांढरा काजूगर दाखवणारी चित्रे खानापूर आणि चंदगडच्या लोकांसमोर ठेवण्यासारखी नाहीत.

ट्रॅक्टरचे रेखाचित्र काढताना मागच्या टायरच्या जाड रबरी पट्ट्या पाहाव्यात. मागून पाहिल्यावर त्या उलट्या व्ही आकाराच्या, म्हणजे टोक वर केलेल्या दिसतात, कारण टायर पुढे फिरताना ते टोक आधी मातीला लागते आणि चिखल बाजूंना ढकलला जातो. टोक खाली काढले की टायर उलटा बसवल्यासारखा होतो, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

९. सणांच्या शुभेच्छांत चंद्र कसा दाखवावा?

तिथी पाहून दाखवावा. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, त्या रात्रीच्या आकाशात चंद्र काढूच नये. कोजागरीला पूर्ण चंद्र असतो. संकष्टीला बहुतेक जण नाजूक कोर काढतात आणि तिथेच चुकतात: संकष्टी कृष्ण चतुर्थीला येते, तेव्हा चंद्र पौर्णिमेनंतर चारच तिथी पुढे गेलेला असतो आणि त्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग उजळ असतो. उपास सोडण्यासाठी गच्चीवर जाऊन वाट पाहणाऱ्या प्रत्येकाने तो जवळजवळ वाटोळा चंद्र पाहिलेला आहे. नाजूक कोर शुक्ल पक्षातल्या विनायकी चतुर्थीची. ईदची कोर त्याहून बारीक असते, ती सूर्यास्तानंतर पश्चिमेला क्षितिजाजवळ दिसते आणि तिची उजळ बाजू मावळलेल्या सूर्याकडे असते. कोणत्याही चंद्रकोरीच्या पोटात, म्हणजे न दिसणाऱ्या काळ्या भागावर, चांदणी काढू नये; तिथे चंद्रच असतो आणि त्याच्या आरपार तारा दिसत नाही. एखाद्या संस्थेचे किंवा धर्माचे ठरलेले चिन्हच तसे असेल, तर मात्र ते चिन्ह म्हणून जसेच्या तसे वापरावे, त्यात सुधारणा करू नये.

१०. एआयने केलेले चित्र वापरले तर चालेल का?

वातावरणनिर्मितीसाठी, पार्श्वभूमीसाठी चालू शकेल; विकायच्या वस्तूसाठी चालणार नाही. हातांची बोटे मोजण्याची सवय आता सगळ्यांना लागली आहे, परंतु खऱ्या चुका त्याच्या पुढे असतात. नट एका आकाराचा आणि पाना दुसऱ्या आकाराचा असतो, वायर एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला कुठेच जात नाही, व्हर्नियरवरच्या (बारीक मापे घेण्याच्या साधनावरच्या) रेघा विषम अंतरावर असतात, पाटीवरची अक्षरे मराठी किंवा कन्नड असल्यासारखी दिसतात आणि वाचायला गेले तर कोणतीच लिपी नसते.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेतो, कारण तो आपल्या घरचा विषय आहे. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत, आणि अथणी-निपाणी भागात पिढ्यान्पिढ्या हे काम चालते. एका दुकानदाराने एआयकडून करून आणलेले चित्र आम्ही मोठे करून पाहिले: वेणी डाव्या चपलेवर तीन पदरांची होती आणि उजव्या चपलेवर मध्येच विरून गेली होती, कान एकाच बाजूला होता, अंगठा पट्ट्यातून न निघता तळाला चिकटलेला होता आणि तळ रबराच्या बुटासारखा एकसंध होता. ती चप्पल कोणताही कारागीर बनवू शकला नसता. त्याच दुकानातली चप्पल खिडकीजवळच्या उजेडात ठेवून मोबाइलवर काढलेला फोटो शेवटी जाहिरातीत गेला, आणि तो अधिक चांगला दिसला.

११. मराठी आणि कन्नड अक्षरे डिझाइनमध्ये तुटतात. ही तांत्रिक चूकच म्हणायची ना?

होय, आणि सीमाभागात ती दोन्ही भाषांच्या वाचकांना सारखीच खुपते. जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये न बदलता चिकटवला, किंवा सॉफ्टवेअरमध्ये इंडिक लिपींसाठीचा पर्याय सुरू केला नाही, की वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार शेजारच्या अक्षरावर जातो आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. कन्नडमध्ये खाली लागणारी ओत्तक्षरे सुटून ओळीत येतात. दोन्ही लिपी एकाखाली एक घेताना कन्नडची ओत्तक्षरे आणि खालच्या ओळीतल्या देवनागरीच्या मात्रा, रफार एकमेकांवर चढतात, म्हणून ओळींतले अंतर नेहमीपेक्षा वाढवून घ्यावे लागते.

मराठीत आणखी एक बारकावा आहे. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरांमधल्या घळी. फॉण्टमध्ये हा दुसरा र नसला की अर्थच बदलतो. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि चांगल्या फॉण्टमध्ये मजकुराची भाषा "मराठी" ठेवली की ती आपोआप येतात. कर्नाटकातल्या व्यावसायिक आस्थापनांच्या नामफलकांवर ६० टक्के भाग कन्नडचा असावा आणि तो वरच्या बाजूस असावा, अशी तरतूद २०२४ च्या कायदादुरुस्तीने झाली आहे. फलक आखताना हे मोजमाप डोळ्यांच्या अंदाजाने न करता फाइलमध्ये चौकटी आखून करावे. कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडून आणि मराठी मजकूर मराठी वाचणाऱ्याकडून तपासून घ्यावा. अक्षरे ओळखता येतात म्हणून तपासणे आणि भाषा येते म्हणून तपासणे यांत मोठा फरक आहे.

१२. स्क्रीनवर रंग बरोबर दिसतो, छापल्यावर बदलतो. कुंदा (दुधाची मिठाई) तर काळाच दिसतो!

स्क्रीन प्रकाशाचे तीन रंग मिसळते आणि छपाई शाईचे चार, त्यामुळे स्क्रीनवरचे भडक हिरवे आणि निळे कागदावर उतरत नाहीत. फाइल आधीच छपाईच्या रंगपद्धतीत पाहावी, हातात धरायच्या कागदासाठी रिझोल्यूशन इंचाला ३०० ठिपके ठेवावे आणि कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडावे. लांबून पाहायच्या फ्लेक्सला एवढे रिझोल्यूशन लागत नाही.

कुंदा काळा दिसण्याचे कारण मात्र बहुधा छपाईत नसून फोटोत असते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत तपकिरी रंग मरतो आणि दाणेदारपणा दिसेनासा होतो. दिवसाच्या उजेडात, बाजूने प्रकाश घेऊन, शेजारी एक पांढरा कागद ठेवून फोटो काढावा आणि नंतर त्या कागदावरून रंग जुळवावा.

१३. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरच्या हिरव्या-तपकिरी खुणा कशा काढाव्यात?

शाकाहारी पदार्थासाठी हिरव्या चौकटीत भरलेले हिरवे वर्तुळ असते. मांसाहारी पदार्थासाठी आता तपकिरी चौकटीत भरलेला तपकिरी त्रिकोण असतो. पूर्वी तिथेही वर्तुळच होते, म्हणून जुनी फाइल उचलून वापरू नये. रंग न ओळखता येणाऱ्या माणसालाही फरक कळावा, हा या आकारबदलाचा फायदा आहे.

१४. दवाखान्याच्या जाहिरातीत लाल क्रॉस टाकू का?

टाकू नये. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लाल क्रॉस हे संरक्षित बोधचिन्ह आहे आणि १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन कायद्यानुसार त्याचा अनधिकृत वापर करता येत नाही. युद्धभूमीवर जखमींची सेवा करणाऱ्यांवर गोळी झाडू नये, एवढ्यासाठी ते चिन्ह राखून ठेवलेले आहे. त्याऐवजी हिरवा क्रॉस किंवा दवाखान्याचे स्वतःचे चिन्ह वापरावे.

१५. तिरंगा आणि भारताचा नकाशा वापरताना काय पाळावे?

ध्वजाची लांबी-रुंदी ३:२ प्रमाणात असते, केशरी रंग वर असतो, अशोकचक्र गडद निळे असते आणि त्याला २४ आऱ्या असतात. सोळा आऱ्यांची, काळी चक्रे दरवर्षी ऑगस्टमध्ये फ्लेक्सवर दिसतात. ध्वजसंहितेनुसार ध्वज जाहिरातीसाठी वापरता येत नाही, म्हणून मालाच्या विक्रीशी त्याचा संबंध जोडूच नये.

भारताचा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळणारा हवा. तसा नसलेला नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. परदेशी संकेतस्थळांवरच्या तयार नकाशांत उत्तरेकडची सीमा हमखास वेगळी असते. शोरूमचा रस्ता दाखवणारा छोटा नकाशा प्रमाणात नसेल, तर "प्रमाणात नाही" असे लिहावे आणि उत्तर दिशा दाखवावी. पत्त्यात शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून "बेळगावी" आहे. मराठी मजकुरात आपण बेळगाव लिहितो, परंतु नोंदणीच्या कागदांशी जुळणारा पत्ता हवा असेल तिथे अधिकृत नावच द्यावे.

१६. क्लासच्या निकालाचा आलेख आकर्षक करायचा आहे. अक्ष ९० पासून सुरू केला तर?

आकडे ९२ आणि ९६ असतील आणि स्तंभ ९० पासून सुरू केले, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. प्रत्यक्षात फरक चार गुणांचा आहे. स्तंभालेखात उंची हेच विधान असते, म्हणून तो शून्यापासूनच सुरू व्हावा. वर्तुळालेखातल्या वाट्यांची बेरीज १०० व्हावी, हेही तपासावे. गणिताचा क्लास असेल तर फळ्यावरचे सूत्र आधी शिक्षकांना दाखवावे.

१७. प्लॉटच्या जाहिरातीत कल्पनाचित्र दाखवतातच. तेही चुकीचे का?

कल्पनाचित्र चुकीचे नाही. ते कल्पनाचित्र आहे हे वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहावे आणि त्यात मंजूर आराखड्याबाहेरचे काही घालू नये. नऊ मीटरचा रस्ता चित्रात अठरा मीटरचा होतो, तो गाड्या लहान काढल्यामुळे. माणसे, गाड्या आणि झाडे यांचे माप एकाच प्रमाणात ठेवले की अर्धी चूक टळते. तीस बाय चाळीसचा प्लॉट १,२०० चौरस फुटांचा आणि एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणून "एक गुंठ्याचा तीस बाय चाळीस प्लॉट" असे लिहिणे आकड्यांतच चुकते. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याने जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालेल्या खरेदीदाराला भरपाई मागता येते.

१८. चुकीचे वाटते, पण बरोबर असते, अशीही उदाहरणे असतात का?

असतात, आणि अर्धवट माहितीवर केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा वाईट असते. रोमन आकड्यांच्या घड्याळात चारच्या जागी चार उभ्या रेघा असतात. ती घड्याळजींची जुनी परंपरा आहे, ती "सुधारू" नये. जाहिरातीतली घड्याळे दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास थांबवलेली असतात, तेही जाणूनबुजून, कारण त्यामुळे काटे कंपनीचे नाव झाकत नाहीत. प्रश्न ३ मध्ये उजव्या आट्यांचे सांगितले, परंतु ॲसिटिलीनसारख्या जळणाऱ्या वायूच्या जोडणीला मुद्दाम डावे आटे असतात आणि तिच्या नटावर खाचा असतात, म्हणजे ती ऑक्सिजनच्या जागी चुकून बसू नये. तिथे आटे उलटे दिसले म्हणून फोटो फ्लिप केला, तर बरोबर असलेला फोटो चुकतो.

१९. तपासून कोणाकडून घ्यावे?

ते काम हाताने करणाऱ्याकडून. मालकाची मंजुरी व्यवहारासाठी हवीच, पण चित्र टर्नरला, वायरमनला, नर्सला, शेतकऱ्याला दाखवावे. "कसे वाटते?" असे विचारले तर सगळेच "छान आहे" म्हणतात. "यात काय चुकले आहे?" असे विचारावे, आणि प्रूफ मोबाइलवर न पाठवता कागदावर छापून हातात द्यावे, कारण माणूस कागदावर बोट ठेवून बोलतो.

२०. चूक दाखवूनही मालक "असू दे, छापा" म्हणाले तर?

चूक दिसण्यापुरती असेल, तर लेखी कळवून निर्णय त्यांच्यावर सोडता येतो. कामगाराच्या जिवाला धोका होईल अशी पद्धत दाखवणारे किंवा गिऱ्हाइकाला फसवणारे चित्र असेल, तर आम्ही काम परत करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात सहभागी असलेल्यांनाही १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही गोष्ट शांतपणे सांगितली, की बहुतेक मालक दुसरा फोटो काढायला तयार होतात.

२१. छापून झाल्यावर चूक सापडली, तर प्रती वाटाव्यात का?

चूक किंमत, वजन, औषधाचे प्रमाण, सुरक्षितता किंवा संरक्षित चिन्हाशी संबंधित असेल, तर एकही प्रत वाटू नये. इतर चुकांत मूळ फाइल त्याच दिवशी दुरुस्त करून जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी, नाहीतर पुढच्या दिवाळीला घाईत तीच फाइल पुन्हा प्रेसला जाते.